हिम, धान आणि सूक्ष्मतरंग

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात धानाची रोवणी आषाढ-श्रावणात चालते. चिखलणी केलेल्या बांधीत रोपे लावावयाची तर तेथे पाणी साचलेले हवे. आणि हे पाणी देणारे ढगच त्या दिवसांत साध्या उपग्रह-छायाचित्राच्या आड येतात. पावसाने ओढ दिली तर रोवणी कोठे खोळंबली हे वेळीच कळावयास हवे. कापणीच्या सुमारास कळून शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

ढगातील थेंब मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे, तर रडारचे सूक्ष्मतरंग काही सेंटिमीटर लांबीचे असतात. त्यामुळे ते ढगांतून जवळजवळ विनाअडथळा पार होतात. रात्रीचीही त्यांना अडचण नसते. मात्र जमिनीवर पाणी असले की त्यांचे वर्तन पालटते.

याचा सर्वांत बोलका दाखला हिमाचा. देवरीत हिम पडत नाही हे खरे. परंतु हिमालयातील हा धडा येथेही कामी येतो. कोरडे हिम म्हणजे बर्फाचे कण आणि हवा. पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे तरंग त्यातून आरपार जाऊन खालच्या जमिनीवरून परततात. जमीन स्वतःही अत्यल्प सूक्ष्मतरंग उत्सर्जित करीत असते. त्यांपैकी एका सेंटिमीटरहून आखूड तरंग हिमकणांमुळे विखुरतात व क्षीण होतात. थर वाढत जाईल तशी ही घटही वाढते. यावरून हिमाच्या साठ्याचा अंदाज बांधता येतो. पण ऊन लागून हिम ओलावले की कणांभोवतीचे पाणी तरंग शोषून घेते, रडारच्या चित्रात तो उतार काळा पडतो आणि जाडी मोजण्याची ही रीत निकामी होते. बर्फ आणि पाणी रसायनदृष्ट्या एकच. तरी विद्युत् अपारक स्थिरांक बर्फाचा सुमारे ३, तर पाण्याचा ८० च्या घरात.

धानाच्या बांधीचे कारण थोडे निराळे आहे. तेथील संथ पाणी आरशाप्रमाणे तरंग दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ती काळी दिसते. रोपे वाढली की पाणी व बुंधे यांवर आपटून तरंग माघारी येतात आणि बांधी उजळते. मालगुजारी तलाव मात्र काळाच राहतो. एका चित्रावरून हा भेद कळत नाही. काही आठवड्यांची चित्रे एकापुढे एक ठेवावी लागतात. वाऱ्याने लाटा उठल्या तर तलावही उजळून फसवतो!

भारताने १९७९ मध्ये भास्कर-१ वर सूक्ष्मतरंग-मापक पाठविला. त्यानंतर २०१२ मध्ये रिसॅट-१ व २०२२ मध्ये ईओएस-०४ हे रडार-उपग्रह सोडण्यात आले. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसार उपग्रहाचे सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचे तरंग पानांच्या छतातून बुंध्यांपर्यंत व जमिनीपर्यंत पोहोचतात. देवरीसारख्या जंगलव्याप्त तालुक्यात झाडीखाली साचलेले पाणी ओळखण्यास ते अधिक उपयुक्त होत.