घरगुती कचऱ्याचे वर्गीकरण आणि शहराची व्यवस्था

‘कचरा’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. परंतु घराच्या दारातून दररोज बाहेर पडणारी ही वस्तू एक नव्हे. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि शिळे अन्न हा तिचा एक भाग; वर्तमानपत्रे, बाटल्या, पत्र्याचे डबे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हा दुसरा; तर निकामी झालेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, रंगांचे रिकामे डबे हा तिसरा. भारतीय शहरांतील कचऱ्यात कुजणाऱ्या पदार्थांचा वाटा वजनाने सुमारे निम्मा असतो. हे तिन्ही भाग वेगळे असतात तोवर त्यांतील बहुतेक वस्तूंना काही ना काही उपयोग असतो. एकाच डब्यात पडल्या की त्या खऱ्या अर्थाने कचरा ठरतात. वर्गीकरणाचा प्रश्न म्हणजे या मिसळण्याला वेळीच अटकाव करण्याचा प्रश्न होय.

मिसळण्याने काय घडते

ओल्या पदार्थांचा स्पर्श होताच कागद भिजतो व त्याची रद्दी म्हणून मिळणारी किंमत घटते. प्लॅस्टिकला अन्नाचा चिकटा लागला की ते धुण्याचा खर्च त्याच्या मोलाहून अधिक होऊ शकतो. याउलट ओल्या कचऱ्यात काचेचे तुकडे, प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि बॅटरीतील जड धातू मिसळले की त्यापासून होणारे खत शेतकरी नाकारतो, आणि ते योग्यच आहे.

कुजण्याची क्रियाही मिश्रणामुळे बदलते. ढिगात हवा खेळती असेल तर हवेवर जगणारे सूक्ष्मजीव कार्य करतात, ढीग तापतो व काही आठवड्यांत त्याचे खत होऊ लागते. तोच पदार्थ पिशव्यांत कोंडून डेपोच्या तळाशी गाडला गेला तर हवेविना कुजतो, त्यातून मिथेन वायू सुटतो आणि काळा, दूषित द्रव झिरपून भूजलात उतरतो. डेपोवर वारंवार लागणाऱ्या आगी हा याच क्रियेचा एक परिणाम आहे. दिल्लीच्या गाझीपूर येथील कचऱ्याचा डोंगर १ सप्टेंबर २०१७ रोजी ढासळला आणि त्यात दोन जीव गेले. शहराने न केलेल्या वर्गीकरणाची किंमत अशा रीतीने डेपोशेजारी राहणाऱ्यांना आणि कचरा उचलणाऱ्यांना मोजावी लागते.

यंत्रांचा अनुभव

कुजणाऱ्या पदार्थांपासून शास्त्रीय रीतीने खत करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूर येथील संस्थेत या विषयावर प्रयोग केले आणि यशवंत वाड यांच्या सहकार्याने १९३१ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती रीत जगभर गेली. तिचा आधार शेतातील पालापाचोळा व शेण हा होता. म्हणजे कच्चा माल मुळातच निर्भेळ होता. पुढे १९७० च्या दशकात मोठ्या शहरांत यांत्रिक खत कारखाने उभारण्यात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला मिश्र कचरा आला. निवडण्याचा खर्च वाढला, खताचा दर्जा घसरला व बहुतेक कारखाने बंद पडले.

जाळण्याच्या मार्गाचाही अनुभव निराळा नाही. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने, दररोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले. तेथे येणारा कचरा ओला व मातीमिश्रित होता. जळण्याजोगा कागद व प्लॅस्टिक भंगारवाल्यांनी आधीच वेचून नेलेले असे. परिणामी हे केंद्र अल्पकाळातच बंद पडले. याच्या उलट उदाहरण पुन्हा इंदूरचेच आहे. घरोघरी वेगळा केलेला ओला कचरा मिळत असल्यामुळे तेथे दररोज ५५० टन क्षमतेचा जैववायू प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू करता आला. दोन्ही ठिकाणी यंत्रे होती. फरक होता तो यंत्रापर्यंत पोचणाऱ्या मालात.

साखळी कोठे तुटते

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून या विषयाला राष्ट्रीय चालना मिळाली. २००० मध्ये पहिले नियम आले. २०१६ च्या नियमांनी कुजणारा, न कुजणारा आणि घातक असे तीन भाग घरीच करणे बंधनकारक ठरविले. तरीही नियम होताच आचरण बदलले असे झाले नाही. त्याची कारणे नागरिकांच्या आळसापुरती मर्यादित नाहीत.

पहिले कारण गाडीचे. गृहिणीने दोन डबे वेगळे ठेवावेत आणि घंटागाडीत ते तिच्या डोळ्यांदेखत एकत्र व्हावेत, असे एकदा घडले की तिचा विश्वास उडतो. दुसरे कारण मोबदल्याचे. ठेकेदाराला डेपोवर टाकलेल्या टनामागे पैसे मिळत असतील, तर कचरा कमी होण्यात किंवा वेगळा होण्यात त्याचा तोटाच असतो. तिसरे कारण जागेचे. एका खोलीच्या घरात तीन डबे ठेवणे कठीण असते आणि ओला कचरा रोज न उचलला गेल्यास अशक्यच होते. चौथे कारण अज्ञाताचे : आपल्या चुकीचे पुढे काय होते, हे घराला कधी कळतच नाही.

सुधारणेचा क्रम

यावरून असे दिसते की, कार्यक्रमाची सुरुवात डबे वाटण्यापासून करणे चुकीचे आहे. साखळी शेवटाकडून बांधीत यावी. प्रथम ओल्या कचऱ्याचे खत वा वायू कोठे होणार आणि सुका कचरा कोण विकत घेणार, हे निश्चित व्हावे. नंतर स्वतंत्र कप्प्यांच्या गाड्या याव्यात. आणि त्यानंतरच घरांना आवाहन करावे. एकदोन प्रभागांत ही घडी बसल्यावर ती इतरत्र न्यावी.

कचरा उचलणाऱ्याचे हित वर्गीकरणाशी जोडणे हा दुसरा मुद्दा. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. सभासद घरोघरी जातात, घरांकडून ठरावीक शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न त्यांचेच असते. साहजिकच स्वच्छ व कोरडा माल मिळण्यात त्यांना स्वारस्य असते. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही साधी मागणी याच स्त्रियांची. उघड्या हातांनी ती निवडावी लागण्यातील अपमान व धोका या एका खुणेने टळतो. छत्तीसगडमधील अंबिकापूर येथेही २०१५ पासून बचत गटांतील स्त्रिया घरोघरचा कचरा गोळा करून केंद्रांत निवडतात. जुन्या डेपोच्या जागी तेथे उद्यान झाले आहे.

तिसरा मुद्दा अंतराचा. केरळमधील अलप्पुळ्ळा शहराचा कचरा ज्या गावात जात असे, तेथील ग्रामस्थांनी २०१२ मध्ये तो अडविला. तेव्हा शहराने घरगुती वायुसंयंत्रे व वस्तीतील खतपेट्या यांचा आधार घेतला. ओला कचरा घराजवळच जिरला की वाहतूक घटते आणि उरलेला सुका माल स्वच्छ राहतो.

चौथा मुद्दा मोजमापाचा. किती डबे वाटले वा किती सभा झाल्या, यावरून यश ठरत नाही. ओल्या कचऱ्याच्या शंभर किलोंत इतर वस्तू किती निघाल्या, आणि डेपोवर रोज जाणारे वजन किती घटले, हे दोन आकडे प्रभागवार प्रसिद्ध व्हावेत.

मर्यादा

वर्गीकरण हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. चिप्स व गुटख्याच्या बहुस्तरीय पुड्या कितीही नीट वेगळ्या केल्या तरी त्यांना क्वचितच गिऱ्हाईक मिळते. तेथे जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि २०१६ च्या प्लॅस्टिकविषयक नियमांनी ती त्याच्यावर टाकलेली आहे. घराने आपले कर्तव्य केले म्हणून कारखान्याला व नगरपालिकेला सूट मिळू नये.

वाचकांसाठी एक पाहणी

आपल्या घरातील ओला, सुका आणि घातक कचरा सात दिवस वेगवेगळा तोलून पाहावा व आकडे लिहून ठेवावेत. त्यानंतर गाडी कोठे जाते, ओल्या भागाचे काय होते आणि सुका भाग कोणाच्या हाती पडतो, याची चौकशी प्रभाग कार्यालयात करावी. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या शहरात कोणत्याही नागरिकाला सहज मिळतात, तेथे वर्गीकरण रुजले असे समजावे.