बंदीच्या काळात टाकीतलं डिझेल

प्रश्न : धरमतर खाडीत आमची इंजिनाची होडी आहे. पावसाळी मासेमारीबंदीनंतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. डिझेल खराब होतं का?
– एक वाचक, ता. पेण

उत्तर : डिझेल दोन महिन्यांत सहसा खराब होत नाही, बिघडवतं ते पाणी. 1 जून ते 31 जुलै होडी ओढून ठेवता तेव्हा टाकी अर्धी रिकामी असली, तर आतल्या दमट हवेतलं पाणी पत्र्यावर जमून तळाशी उतरतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. त्यांचा काळा, बुळबुळीत गाळ फिल्टर बंद करतो. तुमच्या होडीचं बहुधा तेच झालंय.

टाकीच्या तळाचा बूच उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली पाण्याचा थर दिसला, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. गाळ असेल तर टाकी धुऊनच घ्या, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. काढलेलं डिझेल खाडीत मुळीच सोडू नका. निवट्या-चिंबोऱ्या त्याच चिखलात वाढतात.

पुढच्या वर्षी मे अखेरीस टाकी जवळजवळ भरून ठेवा, झाकणाचं रबर तपासा. रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीतल्या होड्यांनाही हेच लागू. रॉकेल मात्र कधीच मिसळू नका, पंपाचं वंगण जातं.