मौनाची जबाबदारी

सत्य लोकांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा त्यामागे बहुधा दोन कारणे असतात. सत्ता ते सांगू देत नाही, हे पहिले कारण. आणि ज्यांना सांगता आले असते ते स्वतःहून गप्प राहतात, हे दुसरे. पहिल्या प्रकारात दोष कोणाचा हे उघड असते. दुसऱ्या प्रकारातील नैतिक प्रश्न अधिक बिकट आहे. आणीबाणीच्या काळात बंगळूर येथे घडलेल्या घटनांवरून तो स्पष्ट होतो.

१ मे १९७६ रोजी लॉरेन्स फर्नांडिस यांना पोलिसांनी तेथील राहत्या घरातून नेले. त्यांचे बंधू, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस, त्या वेळी भूमिगत होते आणि पोलिसांना त्यांचा ठावठिकाणा हवा होता. चौकशीच्या नावाखाली लॉरेन्स यांचा अमानुष छळ झाला. त्यांच्या अटकेची रीतसर नोंद मात्र कित्येक दिवसांनी करण्यात आली. त्यांना ज्या कोठड्यांत ठेवले, त्यांत मल्लेश्वरम येथील पोलीस ठाण्याची कोठडीही होती. मल्लेश्वरम ही देवळांची आणि शाळा-महाविद्यालयांची जुनी वस्ती. तेथील रस्त्यांवर नित्याचे व्यवहार चालू होते. भिंतीपलीकडे काय घडत आहे, हे सांगणारी एक ओळही वर्तमानपत्रांत येऊ शकत नव्हती.

वर्तमानपत्रांवर जून १९७५ मध्येच सेन्सॉरशिप लादली गेली होती. २८ जून रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडून आपला निषेध नोंदविला. पुढे कोरी जागा सोडण्यासही मनाई झाली. मजकूर गाळला गेला आहे, एवढेही वाचकाला कळू नये, असा त्यामागील हेतू होता. त्यानंतर अनेक संपादक सेन्सॉरने हात लावण्यापूर्वीच स्वतः मजकूर गाळू लागले. त्यांची कारणे सर्वस्वी क्षुद्र होती असे म्हणता येणार नाही. छापखाना बंद पडला तर कामगारांनी काय खावे, हा प्रश्न खरा होता. परंतु मिनू मसानी यांनी आपल्या मासिकातील मजकुरासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. मार्ग अरुंद होता, पण तो अगदीच बंद नव्हता.

लॉरेन्स यांच्या मातोश्री अ‍ॅलिस फर्नांडिस यांनी मुलाच्या छळाची हकीकत तपशीलवार लिहून सरकारकडे तक्रार केली. तिच्या प्रती गुप्तपणे हातोहात फिरल्या. त्या पोहोचविणाऱ्यांनी आपली नावे सांगितली नाहीत. हेही मौनच होते. मात्र दोन्ही मौने एका मापाने मोजता येत नाहीत. साक्षीदाराचे नाव न सांगणे म्हणजे दुर्बलाचे रक्षण करणे होय. प्रत्यक्ष कृत्यच न सांगणे म्हणजे ते करणाऱ्याला पाठीशी घालणे होय.

उशिरा सांगितलेल्या सत्यालाही मोल आहे, पण त्याची एक मर्यादा असते. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना १९७६ मध्ये बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. दम्याच्या विकाराने त्या खंगत गेल्या आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले. रात्री ऐकू येणाऱ्या त्यांच्या किंकाळ्यांविषयी त्याच तुरुंगातील मधु दंडवते यांनी पुढे लिहिले. ते स्वतःच बंदिवान होते. त्यांचे मौन लादलेले होते. बाहेरच्यांना ही सबब सांगता येत नाही.

न्यायमूर्ती शाह आयोगाने आणीबाणीतील एकूण १,१०,८०६ अटकांची नोंद केली. पुढे आयोगाचा अहवालच दुर्मिळ झाला. २०१० मध्ये एरा सेळियन यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला. एकदा उघड झालेले सत्यही जपावे लागते, ते असे.

म्हणून मौन पाळणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. माझ्या गप्प राहण्याने कोणाचे रक्षण होते? आणि त्याची किंमत कोण मोजतो? रक्षण माझे आणि किंमत कोठडीतील माणसाची, असे उत्तर आले, तर त्या मौनाला विवेक म्हणता येणार नाही.