किनाऱ्यावरील उष्मा आणि खारा वारा

मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसला पोहोचल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीसाठी मात्र भारतीय हवामानशास्त्र विभागाने ३७ अंशांची मर्यादा मानली असून, पारा सरासरीहून किमान ४.५ अंश चढलेला असावा लागतो. गोव्यातील वाचकांनी या भेदाचे कारण जाणून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रावरून येणारा खारा वारा हेच किनाऱ्याचे छत्र होय. फाल्गुन-चैत्रात कधी कधी पूर्वेचे कोरडे वारे सह्याद्री उतरतात, उतरताना अधिकच तापतात आणि खाऱ्या वाऱ्यास दुपार कलेपर्यंत थोपवून धरतात. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाल्यावर गोव्यातील शाळा ९ व १० तारखेस दुपारपूर्वीच सोडण्यात आल्या होत्या. खारा वारा सुटला म्हणजे पारा उतरतो. पण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि शरीराचा ताप तसाच राहतो.

सबब अंदाज ऐकताना केवळ अंश न पाहता वाऱ्याची दिशाही पाहावी. शाळेला सुट्टी मिळते. काजूच्या बागेत वा मिठागरात राबणाऱ्यास ती कोण देणार? पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी मालकांनी अवजड काम सकाळीच उरकून घ्यावे आणि पिण्याचे पाणी कामाच्या जागी ठेवावे.