स्वयंसेवी वनौषधी उद्यान : व्यवस्थापनाचे काही धडे

प्रास्ताविक

दर वर्षी आषाढ-श्रावणात ठिकठिकाणच्या वैद्य संघटना वृक्षारोपणाचा कार्यक्रम करतात. मान्यवरांच्या हस्ते आवळ्याचे किंवा अर्जुनाचे रोप लावले जाते, छायाचित्र निघते, अल्पोपाहार होऊन मंडळी पांगतात. पुढील वैशाखात त्याच जागी गेल्यास आळे शिल्लक असते, रोप नसते. आमच्या संघटनेचा पहिला प्रयत्न याहून निराळा नव्हता. निम्म्याहून अधिक रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली. उरलेल्यांपैकी काहींची ओळख पटविणारे कोणी राहिले नाही, कारण लावणारे सभासद बदलीने वा व्यवसायानिमित्त अन्यत्र गेले होते.

त्यानंतर आम्ही दुसऱ्यांदा उद्यान उभे केले. ते आज जगले आहे. परंतु त्यातही एक गंभीर चूक आमच्या हातून घडली. दोन्ही प्रसंगांतून जे शिकता आले ते वैद्यबंधू-भगिनी व औषधनिर्माते यांच्यापुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्देशनिश्चिती

स्वयंसेवी उद्यानाच्या अपयशाचे मूळ बहुधा उद्देशाच्या संदिग्धतेत असते. आमच्या पहिल्या बैठकीत चिकित्सकांना ताजी औषधे हवी होती, औषधनिर्मात्यांना कच्चा माल हवा होता, परिसरातील रहिवाशांना फिरावयास बाग हवी होती. सर्वांना होकार देऊन आम्ही कामास लागलो आणि कोणाचेच समाधान करू शकलो नाही.

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. बृहत्पंचमुळातील बेल, टेटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ यांचे प्रयोज्य अंग मूळ होय. मूळ खणणे म्हणजे बहुतेक वेळा वृक्षाचा अंत करणे होय. अशोकाची साल सभोवार काढली तर झाड वाळते. एका लहान फार्मसीची एका हंगामाची गरजही चार-सहा गुंठ्यांचे उद्यान भागवू शकणार नाही. सबब उद्यान हे कच्च्या मालाचे कोठार नव्हे, हे औषधनिर्मात्या सभासदांनी प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

मग त्यांना उद्यानाचा उपयोग काय? आमच्या मते तो फार मोठा आहे. बाजारातून आलेली अशोकाची साल खऱ्या अशोकाची, म्हणजे सराका असोकाची आहे की रस्त्याकडेला सरळ उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची, हे पडताळण्यास खात्रीचा नमुना हाताशी असावा लागतो. ब्राह्मी म्हणून कोठे बॅकोपा मोनिएरी तर कोठे मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका दिली जाते. शंखपुष्पी आणि रास्ना या नावांखाली प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. अशा संदिग्ध द्रव्यांची झाडे शेजारी-शेजारी लावून दाखविता येणे हेच अशा उद्यानाचे खरे कार्य होय. दुसऱ्या वेळी आम्ही ठरावात एकच उद्देश लिहिला : वनस्पतींची निश्चित ओळख. पुढील बहुतेक वाद त्या एका वाक्याने मिटले.

जागा आणि तिचा कागद

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी घेण्यास योग्य भूमीचा विचार आला आहे. खड्डे, दगड, वारुळे असलेली तसेच स्मशानाची भूमी वर्ज्य सांगून जलाशयाजवळची, स्निग्ध व मृदू भूमी प्रशस्त मानली आहे. ही परीक्षा आजही तितकीच उपयुक्त आहे. मात्र आजच्या काळी तिला आणखी एका परीक्षेची जोड द्यावी लागते : जागा कोणाची, आणि ती आपणास किती वर्षांसाठी मिळाली आहे?

या संदर्भात न्यूयॉर्क शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७३ साली लिझ ख्रिस्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनहॅटन भागातील एक पडीक, कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून तेथे बाग केली. पुढील वर्षी शहर प्रशासनाने ती जागा दरमहा एक डॉलर भाड्याने दिली. पाहता पाहता शहरात अशा शेकडो बागा झाल्या व त्यांच्या साहाय्यासाठी १९७८ मध्ये ग्रीनथम हा शासकीय उपक्रम सुरू झाला. तथापि १९९९ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढल्या. वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या स्वयंसेवकांपाशी मालकीचा हक्क नव्हता. अखेर दोन सेवाभावी संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या बागा विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या.

आपल्याकडे असा उदार खरेदीदार मिळेलच असे नाही. बेहडा, हिरडा, अर्जुन यांसारखे वृक्ष भरास येण्यास दशके लागतात. केवळ तोंडी अनुमतीवर ते लावू नयेत. पहिल्या वेळी आम्हांस एका कार्यालयाच्या आवारातील जागा अधिकाऱ्यांच्या सद्भावनेवर मिळाली होती. अधिकारी बदलले आणि तेथे वाहनतळ झाला. दुसऱ्या वेळी आम्ही लेखी करार केला. त्यात मुदत, पाण्याचा हक्क, कुंपणाचा खर्च आणि जागा परत द्यावी लागल्यास रोपे हलविण्यास मिळणारा अवधी, हे चार मुद्दे स्पष्ट लिहून घेतले. मुदत अल्प असेल तर वृक्ष न लावता क्षुपे, वेली व कुंड्यांतील वनस्पतींवर भर द्यावा. करार संस्थेच्या नावे व्हावा, व्यक्तीच्या नावे नव्हे. त्यासाठी संस्था नोंदणीकृत असणे आणि तिचे हिशेब दरवर्षी तपासलेले असणे इष्ट होय.

मनुष्यबळ

स्वयंसेवकांचा उत्साह हा पावसाळी ओढ्यासारखा असतो. श्रावणात दुथडी भरून वाहतो आणि चैत्रात आटतो. झाडांस मात्र चैत्र-वैशाखातच माणसाची गरज असते. हे ध्यानात घेऊन आम्ही पुढील व्यवस्था केली.

प्रत्येक वाफ्यास दोन पालक नेमले : एक वैद्य आणि एक परिसरातील रहिवासी. वैद्य ओळखीची व नोंदीची जबाबदारी घेतो. रहिवासी दैनंदिन लक्ष ठेवतो. रोप सुकत असल्याचे प्रथम दिसते ते शेजारच्या घरातील गृहिणीस, सभेस येणाऱ्या पदाधिकाऱ्यास नव्हे. दोघांची नावे वाफ्याच्या नोंदवहीत असतात. पालक गावाबाहेर जाणार असेल तर बदली पालकाचे नाव आधी लिहावे लागते. ‘सर्वांची जबाबदारी’ ही व्यवहारात कोणाचीच नसते, हा अनुभव बहुतेक संघटनांना असेलच.

पाणी देणे पूर्णतः स्वयंसेवेवर सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळासाठी एक माळी वेतनावर ठेवावा व ते वेतन नियमित द्यावे. औषधनिर्मात्यांच्या देणगीचा सर्वोत्तम विनियोग हाच होय. प्रवेशद्वारावरील कमानीपेक्षा माळ्याच्या चार महिन्यांच्या पगाराने अधिक झाडे वाचतात. रोपांच्या बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि मोठ्या रोपांशेजारी पुरलेली सच्छिद्र मडकी यांमुळे पाण्याची बचत होते. कुंपणालगत अडुळसा व निर्गुडी लावावी. जनावरे त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत आणि छाटलेल्या फांद्यांपासून पुढील रोपे करता येतात.

एक चूक आणि तिचा बोध

आता आमच्या चुकीविषयी. २०२० साली साथीच्या काळात गुळवेलीस फार मागणी आली. उद्यानात कडुनिंबावर चढविलेली वेल होती. लोक येत आणि काढ्यासाठी कांड्या नेत. लोकसेवा घडते आहे या समाधानात आम्ही कोणास अडविले नाही. त्यातच एका सभासदाने आणून दिलेली आणखी एक वेल कुंपणावर लावली गेली आणि तिच्यावरही ‘गुडूची’ असा फलक लागला.

काही महिन्यांनी भेटीस आलेल्या एका विद्यार्थिनीने त्या दुसऱ्या वेलीचे पान उलटून पाहिले. त्याची मागील बाजू मखमलीसारखी लवदार होती. खऱ्या गुळवेलीचे, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचे जून पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. कुंपणावरील वेल टिनोस्पोरा सायनेन्सिस ही सजातीय वनस्पती होती. ती विषारी म्हणून प्रसिद्ध नाही आणि कोणास अपाय झाल्याचे आमच्या कानी आले नाही. परंतु ती कोठून आणली, कधी लावली, किती जणांनी नेली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या नोंदीत नव्हते. फलक आमचा होता, त्यावर संघटनेचे नाव होते. लोकांनी विश्वास ठेवला तो त्या नावावर.

या चुकीचे गांभीर्य आम्हांस पुढे अधिक जाणवले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा क्रिस्पा या गाठीदार खोडाच्या सजातीय वेलीशी गल्लत होण्याची शक्यता निदर्शनास आणली. त्या वादाचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु अशा वेळी ‘आमच्या उद्यानातून दिलेली वेल कोणती होती’ हे जी संघटना सांगू शकत नाही, तिने उद्यान चालवू नये, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असे प्रतिपादन आहे की, रानात वावरणारे गुराखी व मेंढपाळ औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. परंतु केवळ तेवढ्या ज्ञानाने औषधीचे मर्म कळत नाही, तिच्या योजनेची युक्ती जाणणारा तो खरा जाणकार. आमच्या फलकावर नावही खात्रीचे नव्हते आणि युक्ती तर नव्हतीच. काढा कोणी, किती, किती दिवस घ्यावा, पूर्वीचा यकृतविकार असणाऱ्याने काय करावे, याविषयी नेणाऱ्यास कोणी एक शब्दही सांगितला नव्हता.

त्यानंतरचे नियम

१. मूळ स्थान, लावल्याची तारीख व आणणाऱ्याचे नाव यांची नोंद झाल्याशिवाय कोणतेही रोप जमिनीत जात नाही. देणगीदार कितीही ज्येष्ठ असला तरी यास अपवाद नाही.

२. फलक प्रथम तात्पुरता असतो. फूल किंवा फळ आल्यावर तज्ज्ञाकडून ओळख निश्चित झाली म्हणजेच कायमचा फलक लागतो. जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुण व वनस्पतीशास्त्र विभागांचे साहाय्य घ्यावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्रही आहे.

३. प्रत्येक निश्चित वनस्पतीची फुलाफळांसह दाबून वाळवलेली एक प्रत संग्रही ठेवली जाते. झाड मेले तरी पुरावा राहतो.

४. उद्यानातून औषध म्हणून काहीही दिले जात नाही. ज्यास हवे त्याने वैद्याकडे जावे. लावण्यासाठी रोप द्यावयाचे असल्यास ते निश्चित झाडापासूनच तयार करून, नोंद करून द्यावे.

५. धोतरा, गुंज, कण्हेर, कळलावी, बचनाग इत्यादी विषवर्गीय वनस्पती औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत समाविष्ट आहेत. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी त्यांपैकी ज्या लावू, त्या कुलूपबंद वाफ्यात व लाल फलकासह असतात. उद्यानात लहान मुले येतात, हे विसरू नये.

या नियमांमुळे प्रारंभी नाराजी झाली. कांडी मागावयास आलेल्या ज्येष्ठांस नकार देणे कोणास आवडते? काही रहिवाशांनी येणे सोडले. परंतु नकाराचे कारण शांतपणे सांगितल्यावर बहुतेक परतले, आणि काहीजण आज पालक म्हणून काम पाहत आहेत. वेलींची पाने उलटून दाखविण्याचे काम आता तेच आमच्याहून अधिक आवडीने करतात.

समारोप

उद्यान लावण्यास एक दिवस पुरतो; ते जगविण्यास आणि त्यातील प्रत्येक नावास उत्तरदायी राहण्यास संघटना लागते. ज्या शाखा यंदाच्या वर्षा ऋतूत नवे उद्यान करू इच्छितात, त्यांनी रोपांची यादी करण्यापूर्वी तीन कागद सिद्ध करावेत : जागेचा करार, वाफेनिहाय पालकांची यादी आणि कोरी नोंदवही. हे तीन नसतील तर या वर्षी लागवड पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. ज्यांची उद्याने पूर्वीच उभी आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी सर्व सभासदांसह फिरून प्रत्येक फलकापुढे थांबावे आणि ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारावा. ज्या फलकाबाबत उत्तर मिळणार नाही तो त्याच दिवशी उतरवून ठेवावा. आम्ही असे पाहिले तेव्हा अकरा फलक उतरवावे लागले. त्यांपैकी चार अद्याप परत लागलेले नाहीत.