आगोटीच्या बेगमीत इन्सुलिनही

पावसाआधी पोलादपूरच्या घराघरांत तांदूळ, सुकट, मिरची, कोरडी लाकडं भरून ठेवतात. ज्या घरात टाइप १ मधुमेहाचं मूल आहे, तिथल्या बेगमीत आणखी चार वस्तू हव्यात: इन्सुलिन, सिरिंज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या. महिनाभर तरी पुरतील एवढ्या. आंबेनळी घाटात दरड आली की रस्ता बंद, सावित्री-गांधारी नद्या चढल्या की महाडची बाजारपेठ पाण्यात. २२ जुलै २०२१ चा पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. तशा दिवशी औषधाचं दुकान कुठे शोधणार?

आणि मुलं आजारी पडतात तीही याच दिवसांत. ताप, खोकला, गळवं, चिखल्या. मूल जेवत नाही, मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पोटात अन्न नाही, साखर वाढणार कशी? आज सुई नको." हे मायेपोटी होतं, पण याच्याइतकी घातक चूक दुसरी नाही. जंतुसंसर्ग झाला की शरीरात दाह सुरू होतो. त्यातून सुटणारी रसायनं इन्सुलिनचं काम अडवतात, आणि तणावाची संप्रेरकं यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं, त्या दंशात याच प्रकारच्या संप्रेरकांचा लोंढा येतो. तापात तो लहान असतो, पण उपाशी मुलाची साखरही ३०० च्या वर न्यायला तेवढा पुरतो. म्हणून आजारपणात इन्सुलिन कमी-जास्त करावं लागेल, पण पूर्ण बंद कधीच करायचं नाही.

ताप आला की दर तीन-चार तासांनी साखर तपासा, रात्री उठूनही. आधी बोट साध्या पाण्याने धुऊन पुसा. फणसाचा किंवा आंब्याचा रस बोटाला राहिला तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं, आणि त्यावर दिलेलं जादा इन्सुलिन मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

साखर २५० च्या वर गेली किंवा उलटी झाली, की लघवीतले कीटोन पाहा. उलटी होत असेल तर साखर कमी असली तरी पाहा. पट्टीचा रंग मध्यम किंवा त्याहून गडद आला तर डॉक्टरांना लगेच फोन करा. जादा इन्सुलिन किती द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं.

मुलाला घोट घोट पाजत राहा. साखर चढलेली असेल तर पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, बिनसाखरेचं कोकम. साखर उतरत असेल तर भाताची पेज किंवा साखरेचं सरबत. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी: यातलं काहीही दिसलं की पित्त समजून थांबू नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर अजिबात नाही. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हेच: "मुलाला टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे." खोकल्या-दम्यासाठी स्टेरॉइड दिलं जाणार आहे का, तेही विचारून घ्या, त्याने साखर बरीच वाढते.

कधी ताप नसतो, खाणं तेच असतं, तरी आठवडाभर आकडे चढेच राहतात. तेव्हा मुलाला ओरडण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा. सुजलेली हिरडी, किडलेली दाढ, लघवीची जळजळ, बोटांच्या बेचक्यातली चिखली, यातलं काहीतरी आत धुमसत असू शकतं. सुई टोचायच्या जागीही हात फिरवा. गाठ लागली तर तिथे टोचू नका. लावणीच्या चिखलातून मूल घरी आलं की पाय धुऊन बेचके कोरडे पुसायची सवय लावा.

वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून मातीच्या मडक्यात, गार पाण्यात ठेवा. फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा, चार आठवड्यांनी ती टाका. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर तेही वापरू नका.

आपल्याकडे पुष्कळ मुलांचे आईवडील मुंबईत आणि मूल आजीपाशी असतं. त्या आजीला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, किती साखरेला किती इन्सुलिन आणि कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा आणि भिंतीला चिकटवा. मृग लागायच्या आत हे एवढं कराच.