लहान शेते आणि रिकामे हात : बाबासाहेबांचा १९१८ चा एक निबंध

चौदा एप्रिलच्या सभांमधून 'बाबासाहेब थोर अर्थशास्त्रज्ञ होते' हे वाक्य आपण दरवर्षी ऐकतो. वक्ते १९२३ च्या 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथाचे नाव घेतात, टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकते. त्या अर्थशास्त्रज्ञाने नेमके काय सांगितले, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या एका तुलनेने कमी वाचल्या गेलेल्या निबंधाचा परिचय करून देण्याचा विचार आहे. भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय हा त्याचा विषय. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी दोन-तीन एकरांचा तुकडा आहे, तोही भावाभावांत वाटलेला. आणि पुष्कळांच्या घरी तेवढाही नाही. म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निबंध आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

निबंध प्रसिद्ध झाला १९१८ मध्ये, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण झाले होते; लंडनचा अभ्यास मात्र अर्धवट सोडून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले होते. परतल्यावर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तेथे त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, कचेरीत सन्मान मिळाला नाही, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच बडोदा संस्थानाने लहान व विखुरलेल्या जमिनींच्या एकत्रीकरणासाठी एक समिती नेमली होती, आणि बाबासाहेबांच्या निबंधात ज्या मतांची कसून तपासणी झाली आहे, त्यांत या समितीचा अहवाल प्रमुख आहे. मात्र निबंधातील टीका पूर्णपणे शास्त्रीय आहे. कडवटपणाचा एक शब्दही तीत आढळत नाही.

त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांत आणि अभ्यासकांत एक चिंता सार्वत्रिक होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली होती. १७७१ मध्ये तेथे सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१४-१५ पर्यंत ते सुमारे ७ एकरांवर आले होते. मुंबई इलाख्याचे शेतकी अधिकारी कीटिंग यांचेही म्हणणे असेच होते. जमिनीचे तुकडे होत आहेत, म्हणून शेती बुडत आहे. तेव्हा तुकडे जोडा, वाटण्या थांबवा आणि प्रत्येक धारणक्षेत्र 'किफायतशीर' करा, असा एकूण सूर होता.

किफायतशीर म्हणजे किती? ज्या जमिनीवर एका कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी होईल ती, अशी कीटिंग यांची व्याख्या होती. बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. कुटुंबाला किती लागते, हा उपभोगाचा प्रश्न आहे. शेत किफायतशीर आहे की नाही, हे मात्र उत्पादनावरून ठरते. शेती हाही एक उद्योग आहे. त्यात जमीन, श्रम आणि भांडवल हे घटक एकमेकांशी योग्य प्रमाणात असावे लागतात. नांगर नाही, बैल नाही, पाणी नाही, बियाण्याला पैसा नाही, अशा शेतकऱ्याला दहा एकरही जास्त होतात. आणि साधने भरपूर असतील तर तीन एकरही उत्तम पिकू शकतात. म्हणून जमिनीचा आकार एकटा पाहून ती लहान की मोठी हे ठरविता येत नाही. उलट, तुटपुंज्या साधनांच्या मानाने आपल्याकडची धारणक्षेत्रे लहान नसून मोठीच आहेत, असा चमत्कारिक वाटणारा पण काटेकोर निष्कर्ष त्यांनी काढला.

हे वर्गात समजावून सांगताना एक कल्पित कुटुंब घेणे सोयीचे जाते. पाच एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी आणि घरात सहा कर्ती माणसे. त्या शेताचे काम खरे तर दोन माणसांत उरकते. उरलेली चौघे काय करतात? ती स्वस्थ बसलेली दिसत नाहीत. कोणी बांधावर गवत कापतो, कोणी गुरे वळतो, कोणी निंदणीला हात लावतो. पण ती चौघे उद्या गावातून निघून गेली, तरी पीक एका पायलीनेही घटणार नाही. आणि ती घरात आहेत तोवर सहाही तोंडे त्याच पिकावर जेवणार. दोन माणसांनी पिकविलेल्यातून जे थोडे शिल्लक पडून नवा नांगर किंवा विहीर झाली असती, ते चौघांच्या पोटात जाते. भांडवल साठतच नाही. भांडवल नाही म्हणून उत्पादन वाढत नाही आणि उत्पादन वाढत नाही म्हणून भांडवल नाही. दोष तुकड्याचा नाही. तुकड्यावर दाटलेल्या रिकाम्या हातांचा आहे. वारसाहक्काचा कायदा बदलून किंवा तुकडे जोडून हे हात कोठे जाणार? त्यांना शेतीबाहेर काम मिळाले पाहिजे, म्हणजे कारखानदारी वाढली पाहिजे. ती आधी आणि एकत्रीकरण नंतर, असा या निबंधाचा निर्णय आहे.

आज पाठ्यपुस्तकांत यालाच प्रच्छन्न बेकारी म्हणतात. हा शब्दप्रयोग अर्थशास्त्रात रूढ केला तो जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये, तोही निराळ्या संदर्भात. पुढे १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी, गरीब देशांत शेतीवर साचलेले वाढीव श्रम उद्योगांकडे वळले म्हणजे विकास कसा होतो, याची मांडणी केली आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस हे वेस्ट इंडीजमधील सेंट लुसिया बेटावरचे कृष्णवर्णीय. बाबासाहेबांप्रमाणे तेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी. आपल्यातील काही उत्साही मंडळी 'लुईसने बाबासाहेबांचेच घेतले' असे ठोकून देतात, ते योग्य नाही. तुच्छतेचा अनुभव घेतलेल्या समाजांतून आलेल्या दोन विद्वानांनी जमिनीकडे पाहताना आधी माणसे मोजली, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे.

निबंधाचा विचार बाबासाहेबांनी विधिमंडळातही नेला. १९२७ मध्ये मुंबई सरकारने लहान धारणक्षेत्रांसंबंधी विधेयक आणले. ठराविक मर्यादेखाली जमिनीचे तुकडे पडू द्यावयाचे नाहीत आणि अतिलहान धारणक्षेत्रे मोठी करावयाची, असा त्याचा आशय. ऑक्टोबरात बोलताना बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. ज्यांची जमीन जाईल ते भूमिहीन मजूर होतील, त्यांचे काय, हा त्यांचा मुद्दा होता. मालकी काढून न घेता लहान शेतकऱ्यांनी सहकाराने एकत्र शेती करावी, हा पर्याय त्यांनी सुचविला. विरोधामुळे ते विधेयक बारगळले, पण कल्पना मेली नाही; १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला. त्याने तुकडे किती थांबले हे सांगावयास अभ्यासकाची गरज नाही. देशातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टर झाले.

१९१८ च्या निबंधाने मात्र एक गोष्ट गृहीत धरली होती. उद्योग उभे राहिले की श्रम शेतातून तिकडे जातील, हे ते गृहीतक. अर्थशास्त्राच्या जवळजवळ सर्व ग्रंथांत ते असते. लुईस यांच्या मांडणीतही आहे. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत काय घडत होते? अस्पृश्य कामगाराला गिरणीत काम मिळे, पण चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात मिळत नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कोठे तो मागण्यांत आला. म्हणजे माणूस गावातून निघाला, शहरात पोहोचला, यंत्रापाशी उभाही राहिला. तरी जातीने त्याला पुढच्या खात्यात जाऊ दिले नाही. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी जातीला श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, आणि धंदा बदलण्याची मनाई हे आपल्याकडील बेकारीचे एक थेट कारण असल्याचे दाखविले. माझ्या मते हे दोन लेखन एकत्र वाचल्याशिवाय बाबासाहेबांचे अर्थशास्त्र पुरते कळत नाही. पहिल्यात हात रिकामे का, याचे उत्तर आहे. दुसऱ्यात ते हलत का नाहीत, याचे.

महार वतनाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात मिळालेली जमीन प्रत्येक पिढीत वाटली जाई, आणि तिच्या मोहाने माणसे गावाला बांधलेली राहत. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधणीवर घाव घालण्यासाठी.

सत्तेत आल्यावरही हे सूत्र सुटले नाही. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये वीजधोरणासंबंधीच्या समितीपुढे त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज, अशी त्यांची कारणमीमांसा होती. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर शेती सरकारी मालकीची करून गावकऱ्यांनी ती जातिभेदाविना सामुदायिकपणे कसावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे सरकारने पुरवावे, असे सुचविले. साधनांची ही यादी १९१८ च्या निबंधातील भांडवलाची आठवण करून देते. ही योजना संविधानात आली नाही.

मॅन यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. जवळच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली, मागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि शेतांच्या जागी आता उंच इमारती आहेत. म्हणजे निबंधात सांगितलेला उपाय तेथे घडून आला. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याला शहर आल्यावर तिची किंमत मिळाली. जो तीच जमीन मजुरीने कसत होता, त्याला मिळाली तर कारखान्यातील नोकरी, आणि ती मिळावयास शिक्षण लागले.

आजही देशातील ४५ टक्क्यांच्या आसपास कामकरी माणसे शेतीवर आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१८-१९ मध्ये शेतीवरील हे प्रमाण ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते. २०१९-२० मध्ये ते ४५.६ टक्के झाले, कारण त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत टाळेबंदी आली आणि शहरांतील माणसे पायी गावाकडे परतली. शेती वाढली नव्हती, फक्त तिच्यावरचे हात वाढले. आणि परतलेल्यांपैकी ज्यांचे सातबाऱ्यावर नाव नव्हते, ते दुसऱ्याच्या बांधावर मजुरीसाठी उभे राहिले.